वायफायचा पासवर्ड आणि शेजारधर्म

पत्राचा सारांश : सोलापूरच्या पूर्व भागातून एका भगिनींचे पत्र आले आहे. वय चोपन्न. घर जुने, दुमजली, दगड-मातीच्या जाड भिंतींचे. मागच्या बाजूला यजमानांचा टॉवेलच्या यंत्रमागांचा छोटा कारखाना. कारखान्याचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार घरातल्या संगणकावरून होतात, सूनबाई पुण्यातल्या कंपनीचे काम माडीवर बसून करतात आणि कारखान्यातले कॅमेरेही घरच्याच वायफायवर चालतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या अक्कांच्या मुलीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी यांनी पासवर्ड दिला. तो पासवर्ड म्हणजे यजमानांचा मोबाइल नंबर. हळूहळू तो बोळभर झाला आणि आता संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी मुलेही याच वायफायवर असतात. त्याच सुमारास माडीवरचे इंटरनेट मंदावते. पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणतो, आजच्या आज पासवर्ड बदला. यजमान म्हणतात, तीन पिढ्यांचा शेजार आहे, एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड कसे फिरवायचे? वायफाय बसवणाऱ्या माणसाने नेटवर्कचे नाव लपवण्याचा आणि ठरावीक फोनच जोडू देण्याचा उपाय सुचवला आहे. ताई विचारतात : घर राखू की शेजार राखू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात ते वायफायविषयी वाटले आणि दुसऱ्या वाचनात ते अक्कांच्या मुलीविषयी आहे हे लक्षात आले. एका मुलीचा अभ्यास अडू नये म्हणून तुम्ही जे केले ते चांगलेच केले. त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका. अडचण त्या मदतीतून आलेली नाही. घरात येण्यासाठी एकच किल्ली होती आणि मदत करायची म्हणून तीच द्यावी लागली, यातून ती आली आहे. अशा प्रसंगी दुसरी किल्ली करून घेता येते, आणि तशी सोय बहुतेक नव्या राऊटरमध्ये असतेही, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही. तेव्हा घर की शेजार ही निवड तुमच्यापुढे खरोखर आहे का, हे आधी पाहू.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायला हवे. संध्याकाळी मुले कट्ट्यावर येतात आणि संध्याकाळीच माडीवरचे इंटरनेट मंदावते, म्हणून मुलांमुळेच ते मंदावते, असे तुम्ही धरून चालला आहात. ते खरे असेलही. पण तपासल्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, विशेषतः ज्यांच्याशी उद्या सकाळी पुन्हा बोलायचे आहे त्यांच्यावर. तपासणी सोपी आहे. संध्याकाळी नेमक्या त्या वेळी लॅपटॉप वायरने थेट राऊटरला जोडा आणि वेग मोजणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर वेग पाहा. मग वायर काढून राऊटरच्या शेजारीच वायफायवर पाहा आणि शेवटी माडीवर जाऊन पाहा. वायरवरच वेग घसरलेला असेल, तर एक तर बाहेरून येणारी लाइनच त्या वेळी गर्दीची आहे, नाही तर तुमच्या जोडणीवर बरेच जण एकदम चित्रफिती पाहत आहेत. वायरवर आणि राऊटरजवळ वेग पुरेपूर मिळत असेल आणि माडीवरच तो पडत असेल, तर दोष बहुधा भिंतींचा किंवा बोळातल्या इतर वायफायच्या गर्दीचा आहे.

भिंतींचे मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत या एका कारणाने पुष्कळ मनस्ताप होतो. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण जाड भिंतीतून जाताना लवकर थकतात, २.४ च्या लहरी भिंतीपलीकडे जास्त पोहोचतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. तुमच्यासारख्या दाट वस्तीच्या बोळात वीस-पंचवीस घरांचे राऊटर या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बोलत असतात, आणि सगळी घरे जागी असण्याची वेळ संध्याकाळचीच. त्यात राऊटर लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा खाली जमिनीवर ठेवला असेल, तर मागांचे लोखंड आणि दोन हातांची भिंत ओलांडून माडीवर पोहोचेपर्यंत संकेतात फारसा जीव राहत नाही. राऊटर घराच्या मध्याशी, उंचावर, मोकळ्या जागी आणा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा बंद फडताळात त्याला ठेवू नका, तो तापतो. एवढे करूनही माडी कोरडीच राहिली, तर खालून वर एक नेटवर्कची वायर ओढून माडीवर दुसरे वायफाय-केंद्र बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बिनवायरीचे स्वस्त रिपीटर मिळतात, परंतु त्यांतले बरेचसे एकाच पट्ट्यावर ऐकतात आणि त्याच पट्ट्यावर पुढे बोलतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. सूनबाईंचे रोजचे काम त्यावर असेल, तर वायरीचा खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांमुळे वेग कमी होत नाही असे समजा सिद्ध झाले, तरी पासवर्ड बोळभर असणे ठीक ठरते का? ठरत नाही, आणि ते का, हे नीट समजून घेतले म्हणजे यजमानांनाही पटवता येईल.

जोडणी यजमानांच्या नावावर आहे. त्या जोडणीवरून बाहेर जे काही जाते, त्यावर तुमच्या घराचा पत्ता असतो. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा मेल आला होता आणि तो नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता. पोलीस साहजिकच आधी त्याच्या दारी पोहोचले. मेल पाठवणारे दुसरेच होते, हे तपासात पुढे निष्पन्न झाले. कट्ट्यावरची मुले असे काही करतील, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु पासवर्ड त्यांच्याकडून आणखी कोणाकडे गेला आहे, हे त्यांनाही सांगता येणार नाही. हल्ली फोनवर एक चौकोनी चित्र दाखवले की दुसरा फोन जोडला जातो आणि अनेक फोनवर त्या चित्राखाली पासवर्ड वाचण्याजोगा लिहिलेलाही असतो. मुलांवरचा विश्वास आणि पासवर्डवरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याखेरीज, बहुतेक कंपन्यांच्या करारात घराबाहेरच्यांना जोडणी वाटण्यास मनाई असते. तुमचा कागद एकदा काढून पाहा.

दुसरे कारण तुमच्या कारखान्याचे. तुम्हाला भीती वाटते की कोणी बँकेचा पासवर्ड हवेतून वाचून घेईल. ती भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे, कारण बँकेचे संकेतस्थळ आणि तुमचा संगणक यांच्यातली देवाणघेवाण वायफायच्या कुलपाव्यतिरिक्त स्वतःच्या कुलपातही बंद असते. ज्याची भीती वाटायला हवी, त्याचा उल्लेख मात्र तुमच्या पत्रात नाही. एकाच वायफायवर असलेल्या माणसाला त्या घरातली इतर उपकरणे दिसू शकतात : हिशेबाच्या संगणकावर सर्वांसाठी उघडे ठेवलेले फोल्डर, छपाईयंत्र, कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारी पेटी आणि खुद्द राऊटरचे पान.

या शेवटच्या दोघांविषयी थोडे थांबून सांगते. राऊटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडण्याचा, जो सर्वांना ठाऊक असतो. दुसरा राऊटरची मांडणी बदलण्याचा, जो घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसतो, कारण राऊटर बनवणाऱ्या कंपनीकडून जसा आला तसाच तो राहतो. यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो छापलेला असतो, आणि पुष्कळ यंत्रांत तो ‘अ‍ॅडमिन’ इतका साधा असतो. तो ज्याला मिळाला, त्याला तुमचा राऊटर संकेतस्थळांचे पत्ते कोणाला विचारतो तेच बदलता येते. मग तुम्ही बँकेचे नाव बरोबर टंकता आणि समोर भलतेच पान उघडते. अशा वेळी ब्राउझर बहुधा इशारा देतो. तो इशारा दिसला की ‘पुढे जा’ कधीही दाबू नका, तिथेच थांबा. आणि दुर्दैवाने खात्यातून पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. उशीर जितका कमी, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

कॅमेऱ्यांचेही तसेच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे, राऊटर आणि चित्रसाठ्याच्या पेट्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. तिच्याकडे कोणतीही विलक्षण युक्ती नव्हती. उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांनीच ठरवून दिलेली नावे आणि पासवर्ड यांची एक छोटी यादी होती, आणि मालकांनी ते बदललेले नव्हते, एवढेच. तुमच्या मागांवर नजर ठेवण्यासाठी बसवलेला कॅमेरा दुसऱ्या कोणाची नजर होऊ नये, यासाठी त्याचा पासवर्ड आजच बदला.

आता वायफाय बसवणाऱ्यांनी सुचवलेले दोन उपाय. त्यांचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही उपाय तुम्ही करू नयेत, असे मला वाटते. नाव लपवल्याने नेटवर्क लपत नाही. ते शोधणाऱ्या साध्या साधनांना दिसतेच. उलट घरातल्या फोनला ते नाव स्वतः पुकारून शोधावे लागते, म्हणजे नवी पेठेत खरेदीला गेलात तरी तुमचा फोन तुमच्या घरच्या वायफायचे नाव हाका मारत फिरतो. ठरावीक फोनच जोडू देण्याची पद्धत प्रत्येक उपकरणाच्या यांत्रिक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकावर, चालते, आणि तो पत्ता हवेत उघडाच जातो. जाणकार माणूस तो पाहून आपल्या यंत्रावर लावू शकतो. शिवाय आजचे फोन आपला खरा पत्ता लपवून प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता सांगतात. त्यामुळे चोर अडणार नाही आणि दिवाळीला आलेल्या तुमच्या लेकीचा फोन मात्र अडेल.

मग करायचे काय? एखाद्या निवांत रविवारी दुपारी हे काम काढा. जीएसटीची तारीख तोंडावर असताना काढू नका. भाच्याला बोलावता आले तर उत्तम, नाही तर सूनबाईंना शेजारी बसवा. लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून, तळच्या चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टंका (तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो) आणि सर्वांत आधी मांडणीचा पासवर्ड बदला. काही कंपन्या ही पाने ग्राहकाला उघडू देत नाहीत. तसे असेल तर त्यांच्या माणसाला घरी बोलावून तुमच्या डोळ्यांसमोर बदल करून घ्या. घराबाहेरून राऊटरची मांडणी बदलू देणारी सोय सुरू असेल, तर ती बंद करा. राऊटरच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली असेल, तर ती चढवा.

त्यानंतर कुलपाची जात, म्हणजे वायफायवरची देवाणघेवाण बंदिस्त ठेवण्याची पद्धत, पाहा. वायफायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फोडून दाखवले गेले. ते किंवा त्यानंतरचे साधे डब्ल्यूपीए दिसले तर एक दिवसही ठेवू नका. डब्ल्यूपीए-२ हे २००४ पासूनचे आणि डब्ल्यूपीए-३ हे २०१८ चे. तुमच्या यंत्रात डब्ल्यूपीए-३ असेल आणि घरातले जुने फोन ते ओळखत नसतील, तर या शेवटच्या दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. डब्ल्यूपीएस नावाची एक सोय असते, आठ आकडी पिन टाकून उपकरण जोडण्याची. ती बंद करा. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. परंतु त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राऊटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो, त्यामुळे प्रत्यक्षात फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

आता पासवर्ड. यजमानांचा मोबाइल नंबर वाईट का, हे हिशेबाने सांगते, कारण हिशेब तुमच्या घरात रोज होतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. तुमचा एखादा फोन वायफायला जोडला जातानाची नोंद कोणी बोळात बसून टिपून घेतली, की पुढचे सगळे अंदाज त्याला आपल्या घरी, सावकाश करता येतात. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला लाखो अंदाज करतो आणि ४०० कोटी काही तासांत संपवतो. बरे, ज्याला यजमानांचा नंबर ठाऊक आहे त्याला तर संगणकही नको, आणि कारखान्याच्या पाटीवर तो रंगवलेला असणारच. त्याऐवजी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा : खलबत्ता, आगगाडी, सतरंजी, एकोणीस, पोपटी, अशा धर्तीचे. हेच शब्द मात्र घेऊ नका. म्हण, अभंगाची ओळ किंवा कुलदैवताचे नावही घेऊ नका. ६३ अक्षरांपर्यंत पासवर्ड चालतो, आणि इथे चिन्हांच्या करामतीपेक्षा लांबी उपयोगी पडते. तो वहीत लिहून कपाटात ठेवायला माझी हरकत नाही. बोळातला माणूस तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, आणि लक्षात राहावा म्हणून निवडलेला सोपा पासवर्ड त्या वहीपेक्षा जास्त धोक्याचा असतो.

पासवर्ड बदलला की घरातले प्रत्येक उपकरण तुटेल. म्हणून आधी कागदावर यादी करा : फोन किती, टीव्ही, लॅपटॉप, छपाईयंत्र, कॅमेऱ्यांची पेटी. या यादीचा दुसराही उपयोग होईल, कारण राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची संख्या दिसते आणि ती पाहून घाबरण्यापूर्वी आपली स्वतःची किती, हे ठाऊक असावे लागते. एकाच फोनने दोनदा वेगळा पत्ता सांगितल्यामुळे तो दोनदा दिसणेही शक्य आहे.

आणि आता ती दुसरी किल्ली. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करण्याची सोय असते. त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा, आणि त्यावरच्या उपकरणांना घरची उपकरणे दिसू नयेत असा पर्याय निवडावा. काही यंत्रांत या नेटवर्कला वेगाची मर्यादाही घालता येते. घरी येणारे पाहुणे, माग दुरुस्त करायला आलेला कारागीर, हे सगळे यावर. कॅमेरेही यावर ठेवता येतात. मात्र मग घरच्या नेटवर्कवरून ते थेट दिसणार नाहीत, अ‍ॅपमधून पाहावे लागतील. पाहुण्यांचा पासवर्ड कालनिर्णयाचे पान उलटताना दर महिन्याला बदला. इतके करूनही, पाहुण्यांच्या नेटवर्कवरून जे बाहेर जाते त्यावर पत्ता तुमचाच राहतो. म्हणून ही दुसरी किल्लीसुद्धा कट्ट्यापर्यंत जाऊ नये, असे मला वाटते.

अक्कांच्या मुलीपुढे तीन वाटा आहेत. पाहुण्यांचा पासवर्ड तिला एकटीला द्यावा. ही सर्वांत सोपी वाट आहे, पण करार आड येतो, आणि पूर्वीसारखाच पासवर्ड तिच्या भावाकडून कट्ट्यावर जाऊ शकतो. अक्कांना स्वतःची छोटी जोडणी घ्यायला मदत करावी, पहिले काही महिने निम्मा भार तुम्ही उचलावा. ही वाट स्वच्छ आहे, पण अक्कांचा स्वाभिमान दुखावणार नाही हे पाहून बोलावे लागेल, आणि ते तुम्हीच जाणता. तिसरी, जी मला सर्वांत आवडते : संध्याकाळी दोन तास मुलीने तुमच्या पुढच्या खोलीत येऊन, पाहुण्यांच्या नेटवर्कवर अभ्यास करावा. शांत जागा आणि अभ्यासाची पुस्तके पसरायला मोठे टेबल अनेक घरांत इंटरनेटपेक्षा दुर्मीळ असते. परीक्षा होईपर्यंत हेच करा, असे मी सुचवेन.

पासवर्ड बदलण्याच्या आधी अक्कांकडे स्वतः जा, नंतर नको. राऊटर बिघडला, कंपनीने बंद केले, अशी सबब सांगू नका. बोळात सबबी दोन दिवसही टिकत नाहीत, आणि त्या उघड्या पडल्या की अक्कांना तुमच्या नकारापेक्षा त्यांचाच जास्त राग येईल. असे म्हणता येईल : “अक्का, कारखान्याचा सगळा कारभार या वायफायवर आहे आणि पासवर्ड कुठवर गेलाय ते आता आम्हालाच कळेना. म्हणून रविवारी बदलतोय. पोरीचा अभ्यास थांबायचा नाही, तिला आमच्या पुढच्या खोलीत बसू दे.” कट्ट्यावरच्या मुलांना यजमानांनी सांगावे, आणि हसून सांगावे, बहुतेक मुलांकडे स्वतःच्या फोनचा डेटा असतो. यजमानांना माझ्या वतीने एवढेच विचारा, की कारखान्याच्या गल्ल्याची किल्ली त्यांनी तीन पिढ्यांच्या शेजाऱ्यांकडे कधी ठेवली होती का, आणि ती ठेवली नाही म्हणून शेजार कधी तुटला का?

एक राहिले. रविवारी काम सुरू करण्यापूर्वी इंटरनेट कंपनीकडून तुमच्या जोडणीचे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड मागून त्याच वहीत लिहून ठेवा. मांडणीचा नवा पासवर्ड कधी विसरलात, तर राऊटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली की तो मूळ स्थितीत येतो. पण त्याबरोबर कंपनीने भरलेली ही माहितीही पुसली जाऊ शकते, आणि ती वहीत नसेल तर कंपनीचा माणूस येईपर्यंत सूनबाईंचे काम बंद पडेल.